विश्लेषण : मास मीडियाला प्रवेश घेताय? पहिल्या लेक्चरआधी कोणती तयारी हवी?

बारावीचा निकाल लागला, की घरोघरी ‘पुढे काय?’ सुरू होते. उत्तर ‘मास मीडिया’ असेल, तर पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, ‘त्यात नोकरी मिळते का?’ प्रवेश निश्चित झाल्यावर पहिले लेक्चर होईपर्यंत हाताशी काही आठवडे असतात. या काळात अनेक घरांत कॅमेरा आणि महागड्या लॅपटॉपवर पैसे खर्च होतात. प्रत्यक्षात लागणारी तयारी वेगळीच असते आणि तिला फारसा खर्चही येत नाही.

हा अभ्यासक्रम नेमका काय आहे?

मुंबई विद्यापीठात ‘बीएमएम’ हा अभ्यासक्रम २००० मध्ये सुरू झाला. पुढे २०१९-२० पासून तो ‘बीएएमएमसी’ या नावाने ओळखला जाऊ लागला. पत्रकारिता, जाहिरात, जनसंपर्क, चित्रपट आणि डिजिटल माध्यमे या सगळ्यांची ओळख यात होते. शेवटच्या वर्षी पत्रकारिता किंवा जाहिरात यांपैकी एक वाट निवडायची, ही याची जुनी रचना. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांनी पदवी आणि चार वर्षांनी ऑनर्स पदवी मिळू शकते. अटी पूर्ण केल्यास एका वर्षानंतर प्रमाणपत्र किंवा दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोयही आहे.

पत्रकार होण्यासाठी हीच पदवी लागते का?

नाही. कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर पत्रकारितेकडे वळता येते. पुण्याची रानडे इन्स्टिट्यूट पदव्युत्तर शिक्षणासाठी ओळखली जाते. भारतीय जनसंचार संस्थेच्या अमरावती केंद्रात मराठी पत्रकारितेचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहे. म्हणजे अर्थशास्त्र, कायदा किंवा शेती शिकून मग बातमीदारी करणे हाही चांगला मार्ग आहे. बारावीनंतरच्या पदवीचा फायदा एवढाच, की लेखन, संपादन, आवाज आणि दृश्य यांचा सराव लवकर सुरू होतो.

प्रवेशाआधी काय विचारावे?

प्रवेश बहुतांशी बारावीच्या गुणांवर होतो; काही स्वायत्त महाविद्यालये स्वतंत्र परीक्षाही घेतात. अनेक ठिकाणी हा अभ्यासक्रम विनाअनुदानित असल्याने त्याचे शुल्क साध्या ‘बीए’पेक्षा बरेच जास्त असते. त्यामुळे वर्षाचे एकूण शुल्क किती, प्रयोगशाळा किंवा शैक्षणिक सहलीचे पैसे वेगळे लागतात का, हे आधी लेखी विचारावे. महाडीबीटी पोर्टलवरील शिष्यवृत्ती या अभ्यासक्रमाला लागू होते का, याची खात्री कार्यालयातूनच करून घ्यावी. स्टुडिओ आणि एडिटिंगचे संगणक विद्यार्थ्यांना खरोखर वापरायला मिळतात का, हे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारले, की माहितीपत्रकापेक्षा खरे उत्तर मिळते.

मराठी माध्यमाच्या मुलांचे काय?

ही भीती सर्वाधिक असते. अनेक महाविद्यालयांत शिकवणे इंग्रजीत असते आणि पहिले सत्र जड जाते. त्यावर उपाय रोजच्या सवयीचा आहे. एकच बातमी आधी मराठी आणि मग इंग्रजी दैनिकात वाचावी. विषय माहीत असल्याने इंग्रजी शब्दांचा अर्थ आपोआप लागत जातो. रोज पाच नवे शब्द वहीत लिहिले, तरी महिन्याला दीडशे होतात.

दुसऱ्या बाजूने पाहिले, तर नेमके मराठी लिहिता येणे हे भांडवल आहे. दैनिके, वृत्तवाहिन्या, जाहिरात संस्था, ओटीटीसाठी उपशीर्षके अशा अनेक ठिकाणी मराठी लिहिणारे लागतात. मात्र युनिकोडमध्ये मराठी टंकलेखन आलेच पाहिजे. ‘इनस्क्रिप्ट’ कीबोर्डचा रोज अर्धा तास सराव केला, तर पहिल्या इंटर्नशिपपर्यंत हात बसलेला असतो.

कॅमेरा, लॅपटॉप लगेच घ्यावा का?

घाई करू नये. पहिल्या वर्षी संवादकौशल्य, माध्यमांचा इतिहास, चालू घडामोडी अशा पायाभूत विषयांवर भर असतो. सरावासाठी हातातला स्मार्टफोन पुरतो. खर्च करायचाच असेल, तर कॉलरला लावायचा साधा माइक आणि लहान ट्रायपॉड घ्यावा. चित्र थोडे कमी स्पष्ट असले तरी प्रेक्षक पाहतो. आवाज खराब असेल, तर तो लगेच पुढे सरकतो. मोठी खरेदी आपला कल कळल्यावर, दुसऱ्या वर्षी करता येते.

या आठवड्यांत प्रत्यक्ष काय करावे?

रोज तीनशे शब्द लिहावेत आणि दुसऱ्या दिवशी ते दोनशेवर आणावेत. संपादनाचा पहिला धडा तोच. गावातली ग्रामसभा किंवा वॉर्डातली एखादी बैठक पूर्ण ऐकावी आणि कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसे या सहा प्रश्नांत तिची बातमी लिहावी. आजी-आजोबा, भाजीविक्रेत्या मावशी, एसटीचे वाहक अशा पाच जणांच्या मुलाखती घ्याव्यात. रेकॉर्डिंगपूर्वी परवानगी जरूर विचारावी. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलेला एखादा फोटो इमेज सर्चने तपासून तो मुळात कधीचा आहे, ते शोधावे.

माहिती अधिकार कायदा २००५ मधला आहे. अर्जाचे शुल्क १० रुपये असते आणि उत्तर साधारणपणे ३० दिवसांत द्यावे लागते. आपल्या रस्त्याच्या दुरुस्तीवर झालेल्या खर्चाचा असा अर्ज कसा लिहिला असता, त्याचा मसुदा करून पाहावा. राज्यघटनेचे कलम १९ वाचून ठेवावे. अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य आणि त्यावरची वाजवी बंधने तिथे शेजारीशेजारी आहेत.

मग नोकरीचे काय?

केवळ पदवीवर नोकरीची हमी नाही, हे घरच्यांना आधीच स्पष्ट सांगितलेले बरे. या क्षेत्रात मुलाखतीला गेल्यावर गुणपत्रिकेबरोबर ‘काय काम केले आहे?’ हा प्रश्न येतो. त्यामुळे लिहिलेले, रेकॉर्ड केलेले, संपादित केलेले सगळे तारीखवार एका फोल्डरमध्ये ठेवावे. ‘नोकरी मिळते का?’ असे विचारणाऱ्या आईवडिलांना तीन वर्षांनी दाखवायला तोच फोल्डर हाताशी असेल.