मँक्स नॉर्टन : एका सिलिंडरची लांबलेली शर्यत

1969 साली युगोस्लाव्हियातल्या ओपातिया इथे 500 सीसी गटाची ग्रां प्री गॉडफ्रे नॅश या इंग्रज स्वाराने जिंकली. इटलीचा बलाढ्य एमव्ही अगुस्ता संघ त्या दिवशी उतरलाच नव्हता, हे खरं. पण नॅशच्या गाडीचं उत्पादन बंद पडूनही सहा-सात वर्षं लोटली होती! ती होती मँक्स नॉर्टन. एका सिलिंडरच्या गाडीने या गटात मिळवलेला तो शेवटचा ग्रां प्री विजय.

नॉर्टनचा कारखाना बर्मिंगहॅममधल्या ब्रेसब्रिज स्ट्रीटवरचा, पण मँक्सचं नाव गाजलं ते आइल ऑफ मॅन बेटावरच्या टीटी शर्यतींत. तिथला साठ किलोमीटरचा फेरा गावांतून, दगडी कुंपणांमधून आणि डोंगरावरून जातो. तिथे नुसती ताकद पुरत नाही, गाडी टिकावी लागते.

मँक्सचं इंजिन पाहिलं की आधी नजरेत भरते सिलिंडरच्या उजव्या अंगाने वर गेलेली उभी नळी. आपल्या जुन्या बुलेटमध्ये कॅम खाली असतात आणि लांब पुशरॉड वरचे व्हॉल्व्ह हलवतात. मँक्समध्ये कॅम थेट डोक्यावर. त्यांना फिरवणारा दांडा त्या नळीत असतो, आणि त्याच्या दोन्ही टोकांना तिरप्या दातांचे बेव्हल गिअर. किक नाहीच, शर्यतीच्या सुरुवातीला स्वार गाडी ढकलत धावायचा आणि इंजिन पेटताच वर उडी मारायचा.

1950 मध्ये बेलफास्टच्या रेक्स मॅककँडलेसने घडवलेली चौकट या इंजिनाला मिळाली आणि चित्र पालटलं. हॅरल्ड डॅनियल या स्वाराने ती चालवून पाहिली आणि पिसांच्या गादीवर बसल्यासारखं वाटतं म्हणाला. ‘फेदरबेड’ हे नाव तिथूनच चिकटलं. प्रतिस्पर्धी गिलेरा कंपनीच्या चार सिलिंडरच्या गाड्या सरळ रस्त्यावर पुढे निघून जात, पण वळणावर नॉर्टनचा स्वार जेफ ड्यूक त्यांना गाठत असे. 1951 मध्ये त्याने 350 आणि 500 सीसी अशी दोन्ही जागतिक विजेतेपदं पटकावली. पुढे माइक हेलवूड या स्वाराने 1961 ची सीनियर टीटी मँक्सवर ताशी शंभर मैलांहून अधिक सरासरीने जिंकली. सुमारे पन्नास अश्वशक्तीच्या गाडीसाठी हा पराक्रमच.

उत्पादन थांबलं, तरी मँक्स संपली नाही. सुट्या भागांचे हक्क हातोहात फिरत राहिले आणि आज इंग्लंडमधल्या मोजक्या कार्यशाळा तिचं अख्खं इंजिन नव्याने बनवतात. जुनं कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं. हलकं खरं, पण ओलाव्याने पोखरलं जाणारं. म्हणून नवी कवचं ओतली जातात. मॅग्नेटोच्या जागी पुष्कळदा इलेक्ट्रॉनिक इग्निशन येतं, मूळच्या चार गिअरच्या जागी सहा.

हाताचं कसब मात्र जुनंच लागतं. बेव्हल गिअर बसवताना फिटर दातांना निळा रंग लावतो, इंजिन हाताने फिरवतो आणि रंग नेमका कुठे पुसला गेला ते भिंगातून पाहतो. मग कागदासारखी पातळ चकती, म्हणजे शिम, एक घालतो, एक काढतो. दात फार आवळले गेले तर करकरून झिजतात. सैल राहिले तर व्हॉल्व्हची वेळ चुकते. हा खेळ मनाजोगतं जुळेपर्यंत चालतो.

सगळेच भाग नवे असतील तर ती खरी मँक्स का, असा प्रश्न जाणकार विचारतात. तिला खरीच म्हणायला हवं. शर्यतीची गाडी तिच्या भरभराटीच्या काळातही दर मोसमात उघडली जायची. पिस्टन, व्हॉल्व्ह, बेअरिंग बदलले जायचे. काचेमागे निपचित उभ्या असलेल्या मूळ गाडीपेक्षा नव्या क्रँकवर धावणारी गाडी या परंपरेशी अधिक इमानी आहे.

नॉर्टन कंपनी 2020 पासून भारतातल्या टीव्हीएसच्या मालकीची आहे. जुन्या मँक्स मात्र अजून आइल ऑफ मॅनवर धावतात. ऑगस्टअखेरीस तिथे मँक्स ग्रां प्री भरते आणि तीत जुन्या गाड्यांच्या वेगळ्या शर्यती असतात. इंग्लंडला मुलांकडे किंवा नातेवाइकांकडे जाणाऱ्यांनी सवड काढून तिथे जावं आणि रस्त्याकडेच्या बांधावर बसून मँक्सचा आवाज एकदा ऐकावाच.