गाळातलं जनावर ओढू नका, आधी सोडवा

बालाघाट आणि गोंदियाच्या हद्दीवरून बाघ नदी वाहते. राज्यं दोन, पण धान तेच, कन्हार, मोरांड, सिहार ही मातीची नावं तीच आणि रोवणीच्या दिवसांतला चिखलही तोच. नाल्याच्या काठाला किंवा आटत आलेल्या तलावात म्हैस, बैल, क्वचित एखादा घोडा रुतला की दोन्हीकडे उपायही एकच होतो: गळ्यात नाहीतर शिंगांना दोर, पुढे ट्रॅक्टर आणि मागून शेपटी पिळणारे हात. जनावर बरेचदा बाहेर येतंही. पण मग ते उभं राहत नाही. अशा वेळी जिवावर बेततं ते पुष्कळदा हे ओढणंच.

धानाच्या बांधीत जनावर सहसा रुतून बसत नाही. चिखलणीत नांगर आणि खूर वर्षानुवर्षं एकाच खोलीवर फिरतात, त्यामुळे वीतभर चिखलाखाली एक घट्ट थर तयार होतो. बांधीत पाणी टिकतं ते त्याच्यामुळे आणि हल्याची जोडी तोल सांभाळून चालते तीही त्याच्याच आधाराने. तलावाच्या पोटात असा तळ नसतो. तिथे दर पावसाळ्यात वाहून आलेला बारीक गाळ नुसता साचत जातो. उन्हाळ्यात पाणी मागे सरकतं, वरचा पापुद्रा वाळून त्याला भेगा पडतात आणि जमीन टणक झाल्यासारखी दिसते. तहानलेली म्हैस त्यावर उतरते. पहिल्या खुराच्या ठशात राखाडी पाणी झिरपतं, पुढच्या पावलाला पापुद्रा फुटतो, मग गुडघा जातो, मग पोट टेकतं.

चिकणमातीचे कण पातळ पापुद्र्यांसारखे चपटे असतात आणि त्यांच्यामध्ये पाणी अडकलेलं असतं. असा गाळ स्थिर असताना घट्ट राहतो, हलवला की पातळ होतो आणि हालचाल थांबली की पुन्हा आवळतो. म्हणून जनावर धडपडतं तेव्हा खाली जातं आणि दमून थांबतं तेव्हा जखडतं. त्यात पाय वर उचलताना खुराखाली पोकळी होऊ पाहते. दाट गाळातून तिथे हवा किंवा पाणी चटकन पोहोचत नाही. तोंड बोटाने दाबलेल्या सिरिंजचा दट्ट्या ओढून पाहा, तोच प्रकार. वातावरणाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो. खुराचा तळ १०० चौरस सेंटिमीटर धरला तर एकेका पायाला जास्तीत जास्त १०० किलोच्या आसपास ओढ बसू शकते. पाय आणि पोटाला चिकटलेल्या गाळाची पकड त्याहून निराळी.

गाय, म्हैस यांचा खूर दुभंगलेला असतो. वजन पडलं की दोन्ही नख्या फाकतात, पाय उचलताना त्या जवळ येतात आणि कडेने हवा-पाण्याला थोडी वाट मिळते. घोड्याचा खूर अखंड; त्याला ही सोय नाही. एकदा रुतलेला घोडा सोडवणं म्हणूनच अधिक अवघड.

ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या डॅनियल बॉन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली ‘नेचर’मध्ये दलदलीच्या वाळूवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यात अडकलेला पाय सेकंदाला १ सेंटिमीटर वेगाने उपसायचा तर मध्यम आकाराची मोटार उचलण्याइतकं बळ लागेल, असं त्यांना आढळलं. दुसरा निष्कर्ष दिलासा देणारा आहे. अशी वाळू शरीरापेक्षा सुमारे दुप्पट घन असते, त्यामुळे शरीर तिच्यात पूर्ण बुडत नाही. दाट गाळालाही हे बऱ्याच अंशी लागू पडतं. म्हणजे पाणी वाढत नसेल तर नीट विचार करायला थोडा वेळ हाताशी असतो.

फेब्रुवारी २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियात जिलाँगजवळच्या किनाऱ्यावर एक घोडा असाच रुतला. भरती चढत होती. मालकीण सुमारे तीन तास त्याचं डोकं चिखलाच्या वर धरून बसली. पशुवैद्याने गुंगीचं औषध दिलं, अंगाभोवती पट्टे बांधले आणि मग ट्रॅक्टरने त्याला बाहेर घेतलं. ट्रॅक्टर तिथेही होताच, फरक पट्टा कुठे बांधला आणि घाई किती केली यात होता.

ब्रिटन-अमेरिकेतली बचावपथकं अशा वेळी पोकळ नळीने पायाच्या कडेकडेने पाणी किंवा हवा सोडतात. आपल्याकडे शेतपंप आहे, नळीही आहे. पाण्याने गाळ सैल होतो, खुराखालची ओढ सुटते आणि निम्मं काम तिथेच होतं. तोवर गर्दी लांब ठेवावी, डोळ्यांवर ओला दुपट्टा टाकावा, सोडवणाऱ्यांनी फळ्या, बांबूचे तट्टे किंवा तणसाच्या पेंढ्या अंथरून त्यावरूनच जावं आणि पायांच्या टप्प्यात उभं राहू नये. दोराऐवजी अग्निशमनाच्या जुन्या पाइपासारखा रुंद, चपटा पट्टा घ्यावा आणि तो पुढच्या पायांच्या मागून छातीभोवती घालावा. ओढायचं ते सरळ वर नाही, तर जमिनीलगत, घसरत, हळूहळू. मान, शिंगं, पाय आणि शेपटी यांना दोर लावूच नये. शेपटीच्या हाडांना इजा झाली तर मागच्या भागाच्या शिराही दुखावतात.

बाहेर आल्यावर लगेच उभं करायची घाई नको. गाईम्हशीला कुशीवर पडू देऊ नये, पोट फुगून श्वास कोंडतो; छातीवर बसतं करून दोन्ही बाजूंना तणसाचा टेकू द्यावा. गाळ धुवावा, अंग चोळून कोरडं करावं, वर पोतं पांघरावं. तासन् तास एकाच अंगावर राहिल्याने मांडीचे स्नायू आणि शिरा वजनाखाली चेमटतात, म्हणून कूस बदलत राहावी. मरगळलेल्या जनावराच्या तोंडात पाणी किंवा काढा ओतू नये. तो फुप्फुसात जातो.

मध्य प्रदेश असो की महाराष्ट्र, पशुवैद्यकीय मदतीचा नि:शुल्क क्रमांक १९६२ आहे. दोर शोधायला पळण्याआधी तो फिरवा, आणि पंपाची नळी व एक रुंद पट्टा गावात सगळ्यांना माहीत असेल अशा जागी आजच ठेवून द्या.