गिलानुपट्ठाकाची पाच अंगे आणि संकटातील किशोर

दहावी-बारावीच्या निकालाचे दिवस आले, की अनेक घरांत अस्वस्थता दाटते. एखादा मुलगा बोलेनासा होतो, पानावरून उठून जातो, रात्र रात्र जागतो, ‘मी नसतो तर बरे झाले असते’ असे म्हणतो. भांबावलेले आईवडील त्याला विहारात घेऊन येतात. तेथे आपण वडीलधारी मंडळी प्रथम उपदेश करतो; बाबासाहेबांनी किती हालअपेष्टा सोसल्या हे त्याला ऐकवतो. हेतू शुद्ध असतो, परंतु क्रम चुकतो.

योग्य क्रम विनयपिटकात सापडतो. महावग्गातील चीवरक्खंधकात अतिसाराने पीडित, स्वतःच्या मलमूत्रात पडलेल्या एका भिक्खूची कथा आहे. त्याच्याकडे कोणीही फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाच्या साहाय्याने त्याला स्वतः धुतले, मंचावर निजवले आणि नंतर संघाला रुग्णसेवेचे कर्तव्य सांगितले. तेथेच उत्तम गिलानुपट्ठाकाची, म्हणजे रुग्णसेवकाची, पाच अंगे येतात : औषध सिद्ध करता येणे, पथ्य जवळ आणून अपथ्य दूर करणे, लाभासाठी नव्हे, तर मैत्रचित्ताने सेवा करणे, मलमूत्राची व वांतीची किळस न बाळगणे, आणि वेळोवेळी धम्मकथेने रुग्णाला उभारी देणे. धम्मकथा पाचवी आहे, हे ध्यानात घ्यावे.

हीच अंगे किशोराच्या मानसिक संकटाला लावून पाहू. येथे औषध म्हणजे मनोविकारतज्ज्ञाचे साहाय्य. शासनाची ‘टेली-मानस’ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. तातडीचा धोका असल्यास थेट रुग्णालय गाठावे. अपथ्य दूर करणे म्हणजे कीटकनाशके व औषधांचा साठा कुलपात ठेवणे, मुलाला एकटे न सोडणे आणि शेजारच्या मुलाशी त्याची तुलना थांबवणे. मैत्रचित्ताने ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उलट मन मोकळे होण्यास वाट मिळते. किळस न बाळगणे म्हणजे त्याचे रडणे, संताप, अपयश, वसतिगृहात जातीवरून झालेली मानहानी, हे सारे न टोकता ऐकून घेणे. त्या मानहानीला ‘मनाचा दुबळेपणा’ म्हणणे हा दुसरा अन्याय होय.

‘ध्यानाला बसव, बरा होईल’ असेही सांगितले जाते. वेसालीचा प्रसंग येथे स्मरावा. अशुभभावनेचा अभ्यास करताना देहाविषयी घृणा उत्पन्न होऊन काही भिक्खूंनी जीवन संपवले. तेव्हा तथागतांनी आनापानसतीचा मार्ग दिला. साधनाही प्रकृती पाहूनच द्यावी लागते. तीव्र संकटातील मुलाला दीर्घ मौन शिबिरास पाठवण्यापूर्वी डॉक्टरांचे मत अवश्य घ्यावे.

शेवटी दोषाचा प्रश्न. गग्ग नावाच्या भिक्खूचे चित्त भ्रमले होते; त्याला उपोसथाचे कधी स्मरण राही, कधी राहत नसे. संघाने त्याला दंड दिला नाही, सम्मती दिली. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिच्या उपचारांचे व पुनर्वसनाचे दायित्व शासनावर ठेवले आहे. म्हणून मूल विहाराच्या पायरीशी आले, तर आधी त्याच्याजवळ बसावे, त्याला पाणी द्यावे, त्याचे ऐकावे, डॉक्टरांकडे सोबत जावे. धम्मकथेची वेळ त्यानंतर येईलच.