लेकरांची पोटगी: वेगळं झालं तरी जबाबदारी सुटत नाही



नवरा-बायको वेगळे झाले की लेकरं बहुतेक वेळा आईबरोबर माहेरी येतात. वह्या-पुस्तकं, दवाखाना, कपडालत्ता सगळं तिच्याच मजुरीवर. पैसे मागितले तर ऐकायला मिळतं, "तूच घर सोडलंस, आता कसले पैसे?" म्हणून आज आपण लेकरांच्या पोटगीविषयी बोलू.

पहिली गोष्ट, पोटगी हा लेकराचा हक्क आहे. भांडण आई-बापाचं, त्यात चूक कुणाची, यावर लेकराचं पोट अवलंबून नाही. पंचांसमोर "मला काही नको" असं आईने लिहून दिलं असलं, तरी लेकराचा हक्क बुडत नाही. लग्नाची नोंद नसली तरीही लेकराला पोटगी मागता येते.

पूर्वी यासाठी कलम १२५ होतं. १ जुलै २०२४ पासून नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, ते कलम १४४ झालं. अठरा वर्षांखालच्या मुला-मुलींना त्याचा आधार आहे. अपंगत्वामुळे कमावू न शकणाऱ्या मोठ्या अपत्यालाही आहे.

अर्ज आपण राहतो तिथल्या कोर्टात करता येतो. सासरच्या गावी खेटे घालायला नकोत. निकाल लागेपर्यंत अंतरिम पोटगी मागा. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत त्यावर निर्णय व्हावा, असं कायदा सांगतो. धडधाकट माणसाने "मला काम नाही" म्हटल्याने सुटका होत नाही.

अर्ज लांबवू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं, की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी. म्हणजे अर्जाआधी गेलेले महिने सहसा हाती लागत नाहीत.

लेकराचा जन्मदाखला, शाळेच्या नि दवाखान्याच्या पावत्या जपून ठेवा. वडिलांची नोकरी, शेती, दुकान यांची माहिती जमवा. सातबारा उतारा काढता येतो.

हुकूम होऊनही पैसे आले नाहीत, तर एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करा. कोर्ट वॉरंट काढू शकतं, तुरुंगातही पाठवू शकतं. तुरुंगात जाऊन आला म्हणून थकबाकी फिटत नाही.

वकिलाच्या फीची धास्ती नको. बाईला आणि लेकरांना, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीत जा, किंवा १५१०० वर फोन करा.

आपल्या गटात अशी कुणी असेल, तर पहिल्या तारखेला तिच्यासोबत दोघी-तिघी जाऊ या. कोर्टाची पायरी एकटीला जड जाते.