चामड्याला सावली हवी
(लेखांक ६)

कासारवडवलीच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्या घरीच चामड्याची पाकिटं आणि चष्म्याची घरं शिवतात. एका दोऱ्याला दोन सुया लावून, हाताने. खोक्याला पांढरं कापड लावून त्यांनी लाइट बॉक्स केला, दोन्ही बाजूंना एकेक दिवा लावला आणि फोटो काढले. फोटो स्वच्छ आले, पार्श्वभूमी पांढरीशुभ्र आली. पण, त्या लिहितात, ‘माझं चामडं फोटोत रेक्झिनसारखं दिसतं.’

या एका वाक्यासाठी आजचा लेख आहे. कारण ही चूक त्यांची नाही, लाइट बॉक्सबद्दल सरसकट दिल्या जाणाऱ्या सल्ल्याची आहे.

लाइट बॉक्सचं काम काय? छोट्या दिव्याला मोठं करणं. भर उन्हात सूर्य आपल्याला ठिपक्याएवढा दिसतो, म्हणून सावलीची कड धारदार असते. ढग आले की सगळं आभाळच दिवा होतं आणि सावली विरघळते. खोक्याच्या खिडकीवरचं कापड हे आपलं घरगुती आभाळ. पण हे आभाळ दोन्ही बाजूंनी सारखंच उजळलं, तर एका दिव्याने पाडलेली सावली दुसरा पुसून टाकतो. काचेच्या बरणीला ते चालतं. चामड्याला चालत नाही.

रेक्झिनवरची नक्षी रुळाने उठवलेली असते; ती ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येते. खऱ्या चामड्यावर रंध्रं असतात, शिरांच्या खुणा असतात, कुठे सुरकुती असते. दोन सुयांचा टाका किंचित तिरका बसतो. हे सगळे उंचसखलपणाचे खेळ आहेत, आणि तो उंचसखलपणा डोळ्याला कळतो तो फक्त सावलीमुळे. सावली गेली की खरं आणि खोटं एकसारखंच दिसतं.

म्हणून खोकं असं करा. पाकिटं, पट्टे, चपला यांसाठी अठरा इंची घनाकार खोकं पुरतं. मोठ्या पार्सलचं चालेल. डावी, उजवी आणि वरची बाजू दीड इंचाची चौकट ठेवून कापा. फक्त उजव्या आणि वरच्या खिडकीला बटर पेपर किंवा पातळ पांढरं सुती कापड ताणून चिकटवा. आत पांढरी कार्डशीट मागून खाली घरंगळत आणा, घडी पडू देऊ नका. दिवा एकच, उजवीकडे, वस्तूच्या पातळीपेक्षा थोडा वर आणि कापडापासून खिडकीच्या रुंदीइतका लांब. अगदी जवळ नेलात तर कापडाचा मधला गोळाच उजळतो आणि मोठी खिडकी करण्याची मेहनत वाया जाते. डावीकडे टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोलचा तुकडा उभा करा; सावली काळीकुट्ट वाटली तर जवळ सरकवा, फिकी वाटली तर लांब. काळं चामडं असेल तर थर्माकोल काढून तिथे काळा कागद लावा. पांढऱ्या खोक्यात काळ्या चामड्याच्या चकाकीत चारही भिंती उतरतात आणि ते राखाडी दिसू लागतं. दिवा एलईडीच हवा. जुना पिवळा बल्ब किंवा हॅलोजन कागदाजवळ तापतो, आणि खोकं पुठ्ठ्याचं आहे.

१९३० साली अमेरिकी छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन यांनी एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून, नुसत्या दिवसाच्या प्रकाशात, कित्येक मिनिटं लेन्स उघडी ठेवून टिपली. ‘पेपर नंबर ३०’ या नावाने ते छायाचित्र जगभर ओळखलं जातं. नरसाळं म्हणजे घरगुती लाइट बॉक्सच! त्यातली मिरची एखाद्या पैलवानाच्या पाठीसारखी दिसते, कारण वेस्टन यांनी सावल्या पुसल्या नाहीत.

आता रंग. घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांना इथे एक खास अडचण आहे. खिडकीतला उजेड फुकटचा आणि उत्तम, पण समोर टोलेजंग इमारत असेल तर तिच्या भिंतीवरून परतलेला उजेड भिंतीचा रंग घेऊनच घरात येतो. पिवळसर भिंतीसमोर तपकिरी पाकीट आणखी पिवळं होतं. ज्यांच्या खिडकीतून येऊरच्या डोंगरावरचं मोकळं आभाळ दिसतं, ते भाग्यवान. बाकीच्यांनी पडदा ओढावा आणि दिव्यावरच काम करावं. खिडकी आणि दिवा एकत्र करू नये. दिव्याच्या खोक्यावर सीआरआय हा, रंग किती खरे दिसतील ते सांगणारा, आकडा पाहा. साध्या एलईडीचा ८० च्या आसपास असतो आणि त्यात गडद लाल फार कमी असतो. तपकिरी चामड्याचा जिवंतपणा त्या लालीतच असतो. ९० किंवा अधिकचा दिवा घ्या. मोबाइलच्या पडद्यावर आडवे पट्टे सरकताना दिसले तर प्रो मोडमध्ये शटर १/५० वर ठेवा. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची आहे, ते पट्टे तिच्यामुळे येतात. मोबाइल जवळ नेऊन वाइड लेन्सने टिपू नका, चपलेचा पुढचा भाग फुगतो. मागे सरा आणि दुप्पट झूम वापरा.

आणि धूळ! कापूरबावडीपासून गायमुखपर्यंतच्या रहदारीची आणि बांधकामांची धूळ बंद खिडकीतूनही आत येते. मऊ ब्रशने वस्तू झटकल्याशिवाय बटण दाबू नका. पावसाळ्यात बुरशीचा डागही आधी पाहून घ्या.

हे सगळं एवढ्या आग्रहाने का सांगतो? जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये ‘प्राडा’ने चपला दाखवल्या, आणि फोटो पाहताक्षणी महाराष्ट्राने त्या कोल्हापुरी म्हणून ओळखल्या. त्याआधीच कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालेलं होतं, महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी. हिरडा आणि बाभळीच्या सालीने कमावलेलं कातडं, चामड्याच्याच वादीने घातलेले टाके, वेणी, कान. ही कारागिरी करणारी माणसं आपल्या इथे आहेत, आणि त्यांच्या मालाचे बहुतेक फोटो ट्यूबलाइटखाली, फरशीवर काढलेले असतात. मला हे मनापासून खटकतं. हातांनी इतकं केलेलं असताना फोटोने त्यांना उणं करू नये.

ताईंनी परवा नवा फोटो पाठवला. दिवा एकच, उजवीकडे. पाकिटाच्या कडेचा प्रत्येक टाका त्यात मोजता येतो.