युद्ध पुकारायचं कुणी?

मुलांनो, इतिहासात आपण वाचतो, राजाने हुकूम सोडला आणि फौज निघाली. राजाला विचारणार कोण? १७८७ साली अमेरिकेची राज्यघटना लिहायला फिलाडेल्फियात जमलेल्या मंडळींना नेमकं हेच नको होतं. इंग्लंडच्या राजाशी लढून ते नुकतेच मोकळे झाले होते.

घटनेच्या मसुद्यात आधी 'युद्ध करण्याचा' अधिकार काँग्रेसला दिला होता. (काँग्रेस म्हणजे तिकडची संसद, बरं का!) पण शत्रू अचानक चालून आला तर? सभासद गावोगावी पांगलेले. ते जमेपर्यंत शत्रू थांबेल थोडाच! म्हणून मॅडिसन आणि गेरी या दोघांनी एक शब्द बदलायला सुचवला. युद्ध 'करणे' नव्हे, युद्ध 'जाहीर करणे'. म्हणजे अचानक हल्ला झाला तर राष्ट्राध्यक्षाने तो परतवावा, पण आपण होऊन युद्धात उतरायचं की नाही, ते काँग्रेसने ठरवावं. सैन्याचा सरसेनापती राष्ट्राध्यक्ष, पण पैशाची थैली काँग्रेसच्या हातात. सैन्यासाठी एका वेळी दोन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा पैसा मंजूर करायचा नाही, असंही घटनेतच लिहिलं.

पुढे काय झालं? १८१२, १८४६, १८९८, १९१७ आणि १९४१, एवढ्या पाचच वेळा अमेरिका रीतसर युद्ध पुकारून लढाईत उतरली. १९४२ नंतर तर काँग्रेसने एकदाही युद्ध जाहीर केलेलं नाही. मग लढाया थांबल्या का? छे! १९५० साली राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी काँग्रेसला न विचारताच कोरियात फौज धाडली. ती लढाई तीन वर्षं चालली.

१९६४ साली व्हिएतनामजवळ टोंकिनच्या आखातात आपल्या जहाजांवर दोनदा हल्ला झाला, असं सरकारने सांगितलं. काँग्रेसने घाईघाईने राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना मोकळीक दिली. एका सभागृहात ४१६ विरुद्ध ०, दुसऱ्यात ८८ विरुद्ध २! दुसरा हल्ला झालाच नव्हता, हे पुढे कळलं. तोवर फार उशीर झाला होता. त्या युद्धात अमेरिकेचे ५८ हजारांवर सैनिक गेले. व्हिएतनामी माणसं तर लाखोंनी मेली.

मग १९७३ साली काँग्रेसने कायदा केला. सैन्य लढाईत पाठवलं की ४८ तासांत कळवा, आणि मंजुरी मिळाली नाही तर ६० दिवसांत लढाई थांबवा. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी तो नाकारला, पण दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांश मतांनी पुन्हा मंजूर केला.

तरी पळवाट निघालीच. २०११ साली लिबियातल्या हवाई हल्ल्यांना ६० दिवस उलटले, तेव्हा ओबामांचं सरकार म्हणालं, 'आमचे सैनिक जमिनीवर नाहीत, म्हणजे ही कायद्यातली लढाईच नव्हे!' गल्लीतल्या क्रिकेटमध्ये ज्याची बॅट तो कधी आउट होतो का? तसंच हे. त्या जूनमध्ये प्रतिनिधिगृहाने या कारवाईला मंजुरी नाकारली. पण त्याच दिवशी पैसा अडवण्याचा प्रस्ताव आला, आणि तोही फेटाळला गेला. विमानं उडतच राहिली.