बरगडीवरची गाठ

धानाचे पोते उचलताना किंवा बांधावरून पडल्यावर छातीला मार बसतो. पुढे त्या जागी टणक फुगवटा हाताला लागतो आणि ‘माराची सूज’ म्हणून आपण शेक-लेप सुरू करतो. बहुधा ती सूजच असते. परंतु महिना लोटला तरी जी जात नाही, उलट वाढते, किंवा रात्री झोपमोड करते, ती डॉक्टरांना दाखविलीच पाहिजे. पुष्कळदा मार हे गाठीचे कारण नसते; त्याने आपले लक्ष तिकडे जाते, इतकेच.

बरगड्यांच्या 12 जोड्या व मधले उरोस्थीचे हाड मिळून छातीचा पिंजरा होतो. या हाडांतच मूळ धरणारी अर्बुदे दुर्मिळ होत. त्यांतली काही निरुपद्रवी, काही घातक. प्रौढांतील घातक अर्बुदांत प्रमुख म्हणजे काँड्रोसार्कोमा. ते कूर्चेचे अर्बुद असून पुष्कळदा बरगडी व कूर्चा जेथे जुळतात तेथे वाढते. मुलांत व तरुणांत जेम्स यूइंग या अमेरिकन वैद्यकशास्त्रज्ञाने 1921 मध्ये वर्णिलेले अर्बुद आढळते. बरगडीचा क्षयही असेच रूप घेतो, आणि अन्य अवयवाचा कर्करोगही बरगडीत उतरतो.

हाताला सारख्या लागणाऱ्या या गाठींचे उपचार मात्र निराळे. काँड्रोसार्कोमावर औषधे व किरण फारसे चालत नाहीत. भोवतालच्या निरोगी भागासह ते समूळ काढावे लागते. यूइंगच्या अर्बुदाला आधी औषधे, मग शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार. क्षय तर बहुधा औषधांनीच बरा होतो.

म्हणून आधी एक्स-रे व सीटी स्कॅन, मग जाड सुईने काढलेल्या तुकड्याची तपासणी, आणि त्यानंतरच शस्त्रक्रिया, हा क्रम मोडू नये. सुईची जागाही पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्यानेच ठरवावी. घाईने चीर दिल्यास रोगपेशी आसपास पसरण्याचा धोका असतो.

‘बरगड्या काढल्या तर श्वास कसा चालणार?’ असे घरचे विचारतात. मोठी पोकळी कृत्रिम जाळीने, कधी हाडाच्या सिमेंटची जोड देऊन, भरतात व वर पाठीचा किंवा छातीचा स्नायू आणून झाकतात.

साकोलीकरांना अशा तपासण्यांसाठी नागपूर गाठता येते. मुंबईचे टाटा रुग्णालय तर 1941 पासून कर्करोग्यांच्या सेवेत आहे. जाताना जुने एक्स-रे व कागद जवळ ठेवावेत. आणि कोणी गाठ लगेच कापू म्हणाले, तर नम्रपणे एवढेच विचारावे: “डॉक्टरसाहेब, तुकडा तपासून झाला का?”